अहो, ब्रेक दाबा

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक घसा होता. मधोमध चिरलेला, आत लाल-निळ्या नळ्या, आणि आवाजाची पेटी अशी बसवलेली की दोन बोटांनी उचलता यावी. डॉक्टरांनी ती उचललीच. "ही काढावी लागेल," म्हणाले आणि ती पेपरवेटशेजारी ठेवली. मग त्यांनी सगळं नीट समजावलं. गाठ कुठे आहे, ऑपरेशन किती मोठं, गळ्याला भोक पडेल ते कशासाठी, त्यातून श्वास कसा घ्यायचा. गाठ पूर्ण निघेल आणि जिवाला धोका राहणार नाही, असं ते म्हणाले तेव्हा आमच्या ह्यांनी माझा हात धरला. डॉक्टरांसमोर हात धरणारे हे नव्हेत. मी समजले की हे घाबरले होते.

"आणि बोलायचं कसं?" मी विचारलं. आवाज तेव्हाच फुटक्या पाइपासारखा झाला होता.

"पूर्वीसारखं नाही बोलता येणार. काही जणांना पुढे एक झडप बसवता येते, मग थोडं बोलता येतं. ते नंतर बघू. आता तुम्ही न बोलता राहायची तयारी करायची. अजून वेळ आहे हाताशी, तो वापरा."

न बोलता राहायची तयारी. हे कोणाला सांगताय, असं मला विचारायचं होतं.

मी मोटार चालवायला शिकवते. डोक्यावर लाल पाटी असलेल्या छोट्या गाडीत, शिकाऊच्या शेजारी बसते. माझ्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो, पण खरं सांगायचं तर त्यांना गंज चढावा इतक्या कमी वेळा मला ते लागतात, कारण माझं तोंड आधी पोचतं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले बाकीचे शिकवणारे मला पाठीमागे भोंगाबाई म्हणतात. म्हणोत. एवढं मोठं लोखंडाचं धूड माणसाच्या हाती द्यायचं आणि वर त्याच्याशी गोड बोलायचं, हे मला जमत नाही. माझ्या हाताखालून गेलेली माणसं आरशात बघितल्याशिवाय वळत नाहीत. कोणी प्रेमाने लक्षात ठेवतं, कोणी धाकाने ठेवतं. लक्षात राहिल्याशी कारण.

मालकांना जाऊन सांगितलं. आमचे मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी माझ्यासाठी खुर्ची ओढली, मग पंखा माझ्याकडे वळवला, तेव्हाच मला संशय आला.

"बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," ते म्हणाले. "बऱ्या झालात की इथे ऑफिसात बसा. फायली लावा, वेळापत्रक बघा. उन्हातान्हात फिरायला नको."

"आणि माझी गाडी?"

त्यांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. "मुक्या माणसाशेजारी बसून शिकायला कोण तयार होईल? आणि उद्या काही झालं तर?"

मुका हा शब्द निघाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. मलाही झालं. पण मी उठले नाही. मला आवाज जाण्याचं दुःख होतंच. त्याहून मोठी भीती गाडी जाण्याची होती. ऑफिसात फायली लावणारी, पंख्याखाली बसून हसतमुखाने मान डोलवणारी एक गरीब बाई माझ्या जागी येईल आणि सगळे म्हणतील किती शांत झाल्या हो ह्या आता. त्या बाईला मी ओळखत नव्हते आणि ओळख करून घ्यायची माझी इच्छाही नव्हती.

बराच वेळ शब्दाला शब्द झाला. शेवटी मालक वैतागून म्हणाले, "बरं. बऱ्या होऊन या. एक शिकाऊ, एक फेरी. मी मागे बसतो. मला पटलं तर गाडी तुमची. नाही पटलं तर मुकाट्याने ही खुर्ची घ्यायची."

"मुकाट्यानेच घेईन," मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर एका चाकासमोर बसून काच हळूहळू हवी तशी करायची, असं काम. स्वभावही तसाच झाला आहे, किंवा स्वभाव होता म्हणून काम मिळालं. आमच्या घरात मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं, ही वाटणी लग्नानंतर लगेच झाली आणि दोघांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती. गाडी मात्र ते माझ्याकडून कधी शिकले नाहीत. शहरातली अर्धी माणसं मी रस्त्यावर आणली, पण नवरा पायी. विचारलं की म्हणायचे, "मला चालायला आवडतं." हे त्यांच्या परीने फार मुत्सद्दी उत्तर होतं.

हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करणारी एक तरुण मुलगी होती. मी तिला वाचाताई म्हणायला लागले. तिच्या खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला होता, आवाज घुमू नये म्हणून. ती म्हणाली, "तुमचा आवाज आहे तोवर आपण वाक्यं रेकॉर्ड करून ठेवू. मग टॅबलेटवर बटणं असतील. बटण दाबलं की तुमच्याच आवाजात वाक्य येईल."

कल्पना मला पसंत पडली. वाक्यं पडली नाहीत. "मला पाणी हवे आहे." "मला थोडे दुखत आहे." "धन्यवाद, आता मला बरे वाटत आहे."

"असं कोण बोलतं?" मी विचारलं.

"नमुन्याची आहेत. तुम्ही तुमच्या पद्धतीने म्हणा."

माझ्या पद्धतीने म्हटली. पाणी दे, दुखतंय, बरंय. ताई खूश झाली. मग तिने घरातल्या माणसांची यादी काढली. लेक परगावी असते, तिची हाक रेकॉर्ड झाली. मग तिने विचारलं, "आणि ह्यांना काय हाक मारता?"

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे बघितलं. "हाक कशाला मारायची?" मी म्हटलं. "हे असतातच की तिथे."

"तरी पण? काहीतरी असेलच."

काही आठवेना. खरंच आठवेना. रोज दिवसातून शंभरदा आपण करतो ते कोणी विचारलं की आठवत नाही, तसं झालं. शेवटी ताई म्हणाली, नाव घ्या मग. मी माइकसमोर त्यांचं नाव घेतलं. एरवी ते मी फक्त सरकारी कचेऱ्यांत घेतलेलं. हे एकदम ताठ बसले, जणू त्यांचा नंबर आला.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, मला गाडीतली वाक्यं हवीत. ब्रेक, क्लच, आरसा, दिवा, सगळं. ताई म्हणाली, जरूर, पण हळू आवाजात, घशाला ताण नको. तसं केलं आणि तिने ते परत ऐकवलं. ब्रेक दाबा म्हणणारी ती बाई मोठ्या दुकानात पाहुण्यांचं स्वागत करायला ठेवलेली वाटत होती. तिच्या सांगण्यावरून रांगणारं मूलसुद्धा थांबलं नसतं.

"ताई," मी म्हटलं, "हा घसा काढूनच टाकणार आहेत ना? मग आता ताण पडून त्याचं काय बिघडणार आहे?"

ती हसू दाबत म्हणाली, "हे डॉक्टरांना विचारू नका. मीही ऐकलं नाही."

मी फोमच्या भिंतींकडे तोंड करून ओरडून बघितलं. जमेना. शाळेच्या नाटकातल्या राजासारखं वाटायला लागलं. मला राग आल्याशिवाय आवाज लागत नाही, आणि भिंतीवर किती रागावणार? भिंतीने काय केलंय?

घरी आम्ही चालत निघालो. म्हणजे नेहमीसारखेच. चौकात आल्यावर हे म्हणाले, "मी चालवतो."

"काय चालवताय?"

"गाडी. मी चालवतो, तू शिकव. मी चुका करतो, तू ओरड. मोबाइल चालू ठेवू." चष्मा सारखा करत म्हणाले, "मुद्दाम करतो चुका."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळं आयुष्य ज्या गोष्टीपासून हा माणूस पळाला होता ती करायला स्वतःहून तयार झाला होता. मला रडू आलं आणि मी ते खोकल्यावर ढकललं.

शहराच्या टोकाला आमचं शिकवायचं मैदान आहे. जुने टायर मांडून वळणं केलेली, एका बाजूला पडीक गोदाम. ह्यांनी मोबाइल डॅशबोर्डवर रबराने बांधला. स्वतः चालकाच्या जागी बसले, चष्मा पुसला, पट्टा लावला, आरसा नीट केला. मला क्षणभर वाटलं, आता हे चुका करणारच नाहीत आणि माझी सगळी पंचाईत.

मला तेवढी काळजी करायची गरज नव्हती.

"क्लच दाबा," मी म्हटलं. ते ब्रेकवर उभे राहिले. "अहो, तो ब्रेक! डावा पाय, अहो, डावा!" मग क्लच दाबला तो सोडेचनात. मग सोडला तो असा की गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा. काचेतला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला पहिला गिअर आणि तिसरा गिअर यांतला फरक कळत नव्हता. शेवटी गाडी चालायला लागली तर त्यांना इतका आनंद झाला की ते माझ्याकडे बघून हसले. "अहो, समोर बघा! माझ्याकडे काय बघताय? अहो, आरसा! अहो, दिवा कोण देणार, मी? वळा, वळा, अहो वळा ना! अहो, ब्रेक दाबा!"

टायर चाकाखाली गेला. गाडी वर चढली आणि खाली आली. मी माझा ब्रेक दाबला.

"हे मुद्दाम होतं?" मी विचारलं.

"ह्यातलं काही काही," हे म्हणाले. घाम पुसत होते.

आम्ही सकाळभर तेच केलं. मी इतकी ओरडले की गोदामावरची कबुतरं जागा बदलून बसली. ओरडताना घसा जळत होता आणि मला बरं वाटत होतं. मला भीती वाटत नव्हती, रडू येत नव्हतं. मी फक्त शिकवत होते. शेवटी आवाज चिरकला आणि गेलाच, नुसती घरघर उरली. तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं.

ऑपरेशनआधी शेवटचं काय बोलायचं हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. छान वाक्य होतं, आता सांगण्यात अर्थ नाही. कारण मला आत नेताना वॉर्डबॉयने स्ट्रेचर दाराच्या चौकटीवर आपटलं आणि मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मागचंपुढचं बघता येत नाही का?" आणि दार लागलं.

जाग आली तेव्हा गळ्यात नळी होती. डॉक्टर येऊन अंगठा दाखवून गेले. गाठ सगळी निघाली होती. मी हात जोडले. त्याचा मला मनापासून आनंद झाला, पण दोन-चार दिवसांत माणूस आनंदालाही सरावतो आणि त्याला तोंड उघडावंसं वाटतं. मी उघडायची. गळ्यातून वारा जायचा.

टॅबलेट हाती आला. एका दुपारी हे खाटेशेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. मला उशी वर करून हवी होती. मी घरच्या माणसांचं पान काढलं आणि त्यांच्या नावाचं बटण दाबलं. माझ्याच आवाजात, स्वच्छ, त्यांचं नाव खोलीत उमटलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. चष्मा वर केला. "कोणीतरी बोलावतंय मला," म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

व्हरांड्यात इकडेतिकडे बघून परत आले. "कोणी नव्हतं. बिल भरायचं राहिलं असेल म्हणून बोलावलं असावं."

मी पुन्हा बटण दाबलं. ते माझ्यासमोर उभे होते तरी त्यांनी दाराकडे बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी त्या दिवशी रडले. रडण्यालाही आवाज नव्हता, त्यामुळे ते आणखीच वाढलं. स्वतःच्या आवाजात मी स्वतःच्या नवऱ्याला परकी झाले होते. घरात ही गत, तर गाडीत माझं कोण ऐकणार, असं मनात आलं आणि मला मालकांचा पंखा दिसायला लागला.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा वाचाताईने मैदानावरचं रेकॉर्डिंग तोडून बटणांवर बसवलं होतं. म्हणाली, "ऐकताना माझंसुद्धा पाऊल आपोआप ब्रेकवर जात होतं." हे कोपऱ्यात पाणी पीत होते. मी लाल बटण दाबलं.

"अहो, ब्रेक दाबा!"

फोमच्या भिंतींनाही तो आवाज गिळवेना. ह्यांच्या हातातलं पाणी सदऱ्यावर आलं आणि उजवा पाय फरशीवर जोरात आपटला. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काय गं?"

मी दुसरं बटण दाबलं. "अहो, आरसा!" तिसरं. "अहो, समोर बघा!" चौथं. "अहो, दिवा कोण देणार, मी?" प्रत्येकात अहो. एकही बटण अहोवाचून नव्हतं. मैदानावर मी शिकाऊला शिकवत नव्हते, ह्यांना शिकवत होते, आणि हे आम्हा दोघांच्या कधी ध्यानातच आलं नाही. कारण अहो हा शब्द आहे हेच आम्ही विसरलो होतो. ताईने हाक विचारली तेव्हा ती माझ्या तोंडात होती आणि मी ती शोधत बसले होते.

ताई खाली बघत म्हणाली, "मला तोडताना कळलं. पण म्हटलं, तुम्ही शिकाऊंनाही तसंच म्हणत असाल."

शिकाऊंना अहो! माझ्या गाडीत कॉलेजातली पोरगी असो की निवृत्त न्यायाधीश, सगळे अरे नाहीतर अगं. दाराबाहेर वाटेल तेवढा मान देते, पण क्लचवर पाय आला की मान संपला.

"माझी चूक," हे पडेल आवाजात म्हणाले. "मी बसायलाच नको होतं. आता पुन्हा रेकॉर्डसुद्धा..."

मला हसू फुटलं. ऑपरेशननंतरचं पहिलं. गळ्याच्या भोकातून किटलीसारखी शिट्टी निघाली, ती थांबेना. मला हसताना बघून हेही हसायला लागले, ताई हसायला लागली, आणि एका नर्सने दार उघडून बघितलं की रुग्णाला काही झालं की काय.

"मी 'अहो' कापून टाकते," ताई डोळे पुसत म्हणाली. "मग नुसतं 'ब्रेक दाबा' उरेल. ते चालेल सगळ्यांना."

ह्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "कापा. पण फेकू नका."

"काय?"

"ते अहो. मला द्या." त्यांचे कान लाल झाले होते. "घरी लागतील."

असे माझे सगळे अहो एका पानावर ओळीने बसले. रागाचा, घाबरलेला, गयावया करणारा, टायर चढल्यावरचा, आणि शेवटचा चिरका. घरी त्यांची कामं आपोआप ठरली. साधा अहो म्हणजे इकडे या. लांबट म्हणजे चहाचं काय झालं. टायर चढल्यावरचा म्हणजे हे काय करून ठेवलंय तुम्ही. दरेकाला आतल्या खोलीतून "काय गं" येतं, आणि ते आलं की मला उरलेलं पाटीवर लिहायचा कंटाळा येत नाही. घरातली भीती गेली ती अशी.

गाडीची मात्र तशीच होती. मालकांनी ठरल्याप्रमाणे दिवस दिला.

शिकाऊ म्हणून औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. मालकांनी नवीच निवडली, मला आधीपासून ओळखणारी नको म्हणून. चार वेळा गाडी हलवलेली, पण अजून खांदे कानाला लावून बसणारी. मी गळ्याला रुमाल बांधला होता. मालकांनी तिला सांगितलं, "ह्या बोलत नाहीत. हा टॅबलेट बोलतो. तू ऐकायचं." मग ते मागच्या बाकावर मधोमध बसले, दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून.

सुरुवात बरी झाली. "क्लच सोडा," माझा आवाज डॅशबोर्डवरून कडाडला. ती दचकली पण गाडी निघाली. बेकरीवरून, शाळेच्या भिंतीवरून, उभ्या असलेल्या मालाच्या गाड्यांच्या रांगेवरून आम्ही नीट गेलो. पण मी चूक बघायची, मग बटण शोधायचं, मग दाबायचं, तोवर चूक मागे गेलेली असायची. "आरसा!" हे वळण संपल्यावर ऐकू आलं. "वळा, वळा!" सरळ रस्त्यावर. ती बिचारी वळायला जागा शोधायला लागली. सिग्नलला माझं बोट घसरलं आणि टॅबलेट म्हणाला, "रिव्हर्स टाका." ती गुणी मुलगी. तिने गिअरला हात घातला. मागे एक मोठी गाडी आमच्या बंपरला टेकून उभी होती. मी तिचा हात पकडला.

आरशात मला मालक दिसले. ते बाहेर बघत होते. चेहऱ्यावर दया होती, आणि ती मला सगळ्यात वाईट लागली.

सिग्नल सुटला. पुढे गेल्यावर मी तिला हाताने बाजूला घ्यायला लावलं. टॅबलेट बंद केला आणि दाराच्या खणात कोंबला. मला वाटलं, संपलं. निदान माझ्या मनासारखं तरी संपू दे. बोट पुढे करून तिला निघायची खूण केली.

तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मागे न बघता, आरशात न बघता, दिवा न देता गाडी सरळ रस्त्यात घातली. माझ्यासाठी आत लावलेल्या वेगळ्या आरशात एक सायकलवाला वेगाने येताना मला दिसला. माझा पाय ब्रेकवर कधी गेला ते मला कळलं नाही. गाडी जागच्या जागी थांबली आणि बंद पडली. सायकलवाला आमच्या नाकासमोरून गेला, जाताना चार शब्द ऐकवून गेला.

मग मी तिच्याकडे वळले.

मी काय काय बोलले ते सांगायला नको. आरसा कशाला लावलाय, केस विंचरायला? तो खाली आला असता तर कोणत्या गोळ्या देणार होतीस त्याला? दिवा काय मी देऊ? सगळं बोलले. तोंड, भुवया, दोन्ही हात, सगळं चाललं होतं. डॅशबोर्डवर तळहात आपटला, आरशावर बोट ठोकलं, तिच्या डोळ्यांसमोरून हाताचीच सायकल नेऊन दाखवली. गळ्यातून नुसता वारा जात होता, रुमाल उडत होता. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. मी तिच्यावर रागावले होते, तिच्या काळजीने रागावले होते, आणि त्या रागात मी आवाज नाही हे साफ विसरले होते.

मुलगी दाराला चिकटली. तिचे डोळे भरले.

"मॅडम, ओरडू नका ना," ती म्हणाली. "कळलं मला. आरसा नाही बघितला मी."

मी तोंड मिटलं.

मागे मालक हलले. "अगं," ते म्हणाले, "त्या कुठे ओरडल्या?"

"ओरडल्या की," ती नाक पुसत म्हणाली. "केवढ्या ओरडल्या. तुम्ही मागे बसलाय, तुम्हाला नाही ऐकू आलं."

माझा जीव भांड्यात पडला तो असा की मला डॅशबोर्डला हात टेकावा लागला. इतके महिने मी ज्या बाईला घाबरत होते, पंख्याखालच्या, मान डोलवणाऱ्या, ती कुठे नव्हतीच. गाडीत मीच होते.

मालकांनी मागचं दार उघडलं, पाय खाली ठेवला आणि कमरेत वाकून खिडकीशी आले.

"मला ऑफिसात काम आहे," ते म्हणाले. "पुढची फेरी तुम्ही दोघीच मारा."

ते फुटपाथवर चढेपर्यंत ती थांबली. मग माझ्याकडे न बघता आधी आतल्या आरशात बघितलं, मग बाहेरच्या, मग मान वळवून मागे, आणि तरीही भरवसा वाटेना म्हणून पुन्हा एकदा मागे.